तालुक्याहून नाशिकला रेफर होणारे रक्तस्रावाचे पेशंट आणि ट्रॅनेक्सा: थीसिसमध्ये इजेची वेळ कशी धरायची?

मखमलाबाद_रेसिडेंट

नमस्कार. एमएस जनरल सर्जरी, पहिलं वर्ष. सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) महिन्याभरात द्यायचाय. विषय असा ठरवलाय: अपघातात जखमी होऊन बाहेरगावाहून नाशिकला रेफर झालेल्या, रक्तस्राव चालू असलेल्या पेशंटना ट्रॅनेक्सामिक ॲसिड (ट्रॅनेक्सा, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळू न देता रक्तस्राव कमी करणारं औषध) किती वेळात मिळतं आणि त्या वेळेचा मृत्यूशी काय संबंध आहे. पेशंट मुख्यतः कसारा घाट-इगतपुरी, सिन्नर, चांदवडचा राहुड घाट, पेठ रोडचा सावळघाट आणि मालेगावकडचे. बहुतेक जण आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन आलेले असतात. दीड वर्षात १५० पेशंट मिळतील असा अंदाज आहे.

अडचण अशी की इजा नेमकी किती वाजता झाली हे कुणीच धड सांगत नाही. नातेवाईक एक सांगतात, एमएलसीवर (पोलिस केसच्या वैद्यकीय नोंदीवर) दुसरं असतं, रेफर चिठ्ठीवर काहीच नसतं. कोणती वेळ खरी धरू? आणि १५० पुरतील का? आयएसएस (इजेच्या तीव्रतेचा गुणांक) कधी काढायचा आणि बेशुद्ध पेशंटची संमती कुणाची घ्यायची, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

---

ट्रॉमा_पंचवटी

विषय चांगला आहे, पण शीर्षकातला 'मृत्यूशी संबंध' आजच काढून टाका. गाइड आग्रह धरतील, तरी काढा.

क्रॅश-२ या ट्रॅनेक्साच्या ट्रायलमध्ये २०,२११ पेशंट होते, ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले. एवढं करून एकूण मृत्यू १६.० टक्क्यांवरून १४.५ वर आले. दीड टक्क्याचा फरक दाखवायला वीस हजार माणसं लागली. तुमच्या १५० मध्ये तो फरक असला तरी दिसणार नाही, आणि दिसलाच तर तो योगायोग असण्याची शक्यता जास्त.

त्याहून मोठा धोका असा की तुमचा निकाल उलटा येऊ शकतो. ज्याला मोठा रक्तस्राव आहे त्याला कॅज्युअल्टीत सगळे धावत जाऊन लवकर औषध देतात, आणि तोच जास्त मरतो. ज्याला चार तासांनी दिलं तो चार तास जगलेला आहे, म्हणजे मुळात कमी गंभीर. सरळ तक्ता मांडलात तर 'लवकर दिलं तर मृत्यू जास्त' असं निघेल आणि व्हायव्हाला परीक्षक त्यावरच पकडतील. रँडमाइज केल्याशिवाय (औषध कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवल्याशिवाय) ही गाठ सुटत नाही, आणि आता रँडमाइज करणं नैतिकदृष्ट्या शक्यही नाही.

वेळेचं उत्तर क्रॅश-२ च्याच २०११ च्या विश्लेषणात आहे. रक्तस्रावाने झालेले मृत्यू: पहिल्या तासात औषध दिलं तर ५.३ टक्के विरुद्ध ७.७; एक ते तीन तासांत ४.८ विरुद्ध ६.१, तीन तासांनंतर मात्र ४.४ विरुद्ध ३.१, म्हणजे औषधाच्या गटात मृत्यू जास्त. पुढे २०१८ मध्ये ४०,१३८ पेशंटची माहिती एकत्र करून पाहिली, त्यात दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो असं दिसलं. म्हणजे औषध कधी द्यायचं हा प्रश्न सुटलेला आहे. नाशिक जिल्ह्यात ते वेळेत मिळतं का, हा प्रश्न मोकळा आहे. तोच घ्या.

शीर्षक काहीसं असं: रेफर होऊन आलेल्या रक्तस्रावाच्या पेशंटमध्ये इजेपासून ट्रॅनेक्साच्या पहिल्या डोसपर्यंतचा काळ, आणि तो नेमका कुठे खर्च होतो. मृत्यू नोंदवा, पण फक्त वर्णनापुरते.

'कुठे खर्च होतो' हे महत्त्वाचं. इजा, १०८ ला फोन, पहिल्या रुग्णालयात पोहोचणं, तिथून निघणं, तुमच्या दारात येणं, पहिला डोस. सहा ठिपके, पाच तुकडे. इगतपुरी पंचेचाळीस किलोमीटर, मालेगाव शंभरेक. माझा अंदाज असा की रस्त्यावर जेवढा वेळ जातो त्याहून जास्त पहिल्या रुग्णालयात 'नातेवाईक येऊ द्या, ॲम्ब्युलन्स येऊ द्या' यात जातो. हा अंदाज खोटा ठरला तरी थीसिस चांगला होईल.

---

आकडेमोड

सरांशी सहमत. आता १५० चं गणित.

'तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांचं प्रमाण' हा मुख्य निकष धरा. प्रमाण आधी माहीत नसेल तर ५० टक्के धरतात, कारण नमुना तिथे सर्वात मोठा लागतो. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०८ चा वर्ग: १५१. म्हणजे दीडशे पेशंटमध्ये तुमचं उत्तर अधिक-उणे ८ टक्क्यांच्या आत येईल. दहा टक्के फॉर्म अपुरे राहणारच, म्हणून १६८ लिहा. शंभरच मिळाले तर ही मर्यादा दहा टक्क्यांच्या जवळ जाते, तेही चालवून घेता येईल.

लॉजिस्टिक रिग्रेशनच्या (अनेक घटकांचा मृत्यूशी संबंध एकत्र तपासणाऱ्या पद्धतीच्या) मोहात पडू नका. १५० मध्ये १५ टक्के मृत्यू धरले तर २२-२३ होतात. एका चलामागे किमान दहा घटना हा जुना ठोकताळा लावला तर दोनच चलं बसतात. वय, जीसीएस (शुद्धीचा गुणांक), आयएसएस, बीपी, वेळ असं सगळं एका मॉडेलमध्ये कोंबलेले थीसिस दरवर्षी दिसतात, त्यातले पी-व्हॅल्यू निरर्थक असतात.

वेळेच्या आकड्यांची सरासरी काढू नका. दोन-चार पेशंट अकरा तासांनी येतात आणि सरासरी ओढून नेतात. मध्यक आणि चतुर्थकं द्या.

आता एक स्वस्त तपासणी. पहिल्या तीस पेशंटच्या इजेच्या वेळेतला मिनिटांचा शेवटचा अंक बघा. नोंद खरी असेल तर ० आणि ५ मिळून वीस टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. सत्तर टक्के आले तर समजा की वेळ मोजलेली नाही, गोल केलेली आहे. मग मिनिटांत विश्लेषण करण्यात अर्थ नाही. एक तासाच्या आत, एक ते तीन, तीनच्या वर असे तीनच गट करा. आणि शेवटी सगळ्या वेळा १५ मिनिटं पुढे आणि १५ मिनिटं मागे सरकवून किती पेशंट गट बदलतात ते सांगा. परीक्षकाचा निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

---

घाटरस्ता_१०८

इजेची वेळ कुठून घ्यायची ते सांगतो. क्रम ठरवून ठेवा आणि प्रत्येक पेशंटला कोणता स्रोत वापरला ते फॉर्मवर लिहा.

सगळ्यात भरवशाची वेळ मोबाइलमध्ये असते. अपघातानंतर कुणीतरी घरी किंवा १०८ ला पहिला फोन केलेला असतो. नातेवाइकाला 'कधी झालं?' विचारू नका, 'तुम्हाला पहिला फोन किती वाजता आला, जरा दाखवता का?' असं विचारा. आकडा मिनिटासकट मिळतो. 'आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी' असं म्हणणाऱ्याच्या मोबाइलवर पावणेदोन तास निघतात. मुद्दाम खोटं कुणी बोलत नाही, घाबरलेल्या माणसाला वेळ कळत नाही इतकंच.

दुसरा स्रोत १०८ च्या कॉलची नोंद. ती मिनिटावर असते, पण ती फोनची वेळ, इजेची नव्हे. द्वारका चौकात किंवा पाथर्डी फाट्यावर दोन मिनिटांत दहा फोन जातात. सावळघाटात किंवा सुरगाण्याच्या पाड्यावर ट्रॅक्टर उलटला तर रेंज मिळेपर्यंत माणूस टेकडी चढतो, मग फोन. तिथे फोनची वेळ हीच इजेची वेळ धरलीत तर तुमचा आदिवासी भागातला उशीर कागदावर गायब होईल. अशा पेशंटला 'इजा आणि फोन यांत अंदाजे किती' हा वेगळा रकाना ठेवा.

तिसरा, रेफर चिठ्ठी. चौथा, एमएलसी. एमएलसीवरची वेळ बहुधा नोंद करण्याची असते, घटनेची नव्हे, तरी रजिस्टरमध्ये ती घटनेच्या रकान्यात जाऊन बसते. ती शेवटचा पर्याय म्हणूनच वापरा.

आणि घड्याळं. कॅज्युअल्टीच्या भिंतीवरचं, मॉनिटरचं, सीटीच्या मशिनचं आणि ब्लड बँकेच्या कॉम्प्युटरचं अशी चार घड्याळं चार वेगवेगळ्या वेळा दाखवतात. सात-आठ मिनिटांचा फरक सहज असतो. दर सोमवारी मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक एका वहीत लिहा आणि नंतर वजा-अधिक करा. नाहीतर औषध दिल्यावर पेशंट दारात आला असे उणे आकडे निघतील.

---

मखमलाबाद_रेसिडेंट

सर्वांचे आभार. शीर्षक बदलतो. मोबाइलची युक्ती लगेच सुरू करता येईल.

दोन शंका. रेफर चिठ्ठीवर 'इंज. ट्रॅनेक्सा दिलं' एवढंच असतं. तो पहिला डोस धरायचा का? आणि पेशंट दोन-दोन लिटर सलाइन घेऊन येतात, त्यामुळे आल्यावरचं बीपी नॉर्मल दिसतं. मग रक्तस्राव होता हे कशावरून ठरवायचं?

---

ट्रॉमा_पंचवटी

पहिल्या शंकेचं उत्तर: फोन करून विचारा, आणि त्याच दिवशी विचारा. अँप्यूल ५ मिलीचं असतं, त्यात ५०० मिग्रॅ. पूर्ण डोस १ ग्रॅम, म्हणजे दोन अँप्यूल. बऱ्याच ठिकाणी एकच अँप्यूल जातं आणि 'दिलं' असं लिहिलं जातं. फॉर्मवर अँप्यूलची संख्या, वेळ आणि कसं दिलं हे तीन रकाने ठेवा. अर्धा डोस वेगळा गट म्हणून दाखवा, पूर्ण डोसात मिसळू नका.

कसं दिलं हेही पाहा. १ ग्रॅम १०० मिली सलाइनमध्ये दहा मिनिटांत, किंवा दोन्ही अँप्यूल सिरिंजमध्ये ओढून मिनिटाला १ मिली या गतीने. झटक्यात दिलं तर बीपी पडतं, आणि मग ते पडलेलं बीपी रक्तस्रावाचं म्हणून नोंदलं जातं. दुसरा १ ग्रॅम आठ तासांत: ५०० मिलीत घातलं तर तासाला ६२ मिली, वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला एकवीस थेंब. हा दुसरा डोस सर्वात जास्त चुकतो, कारण पेशंट तेवढ्यात सीटीला, मग ओटीत (ऑपरेशन थिएटरात), मग आयसीयूत जातो आणि बाटली ट्रॉलीवरच राहते. सुरू केल्याची आणि संपल्याची, दोन्ही वेळा घ्या. 'दुसरा डोस पूर्ण झालेल्यांचं प्रमाण' हा तुमचा दुसरा निकष होऊ शकतो.

जाता जाता: ही अँप्यूल स्पायनलच्या बुपिव्हाकेनच्या (पाठीतून भूल द्यायच्या औषधाच्या) ट्रेमध्ये कधीही ठेवू देऊ नका. चुकून पाठीत गेल्याने झटके येऊन मृत्यू झालेले आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा इशारा दिलेला आहे.

दुसरी शंका जास्त खोल आहे. फक्त ९० च्या खालचं बीपी हा निकष धरलात तर सलाइनने फुगवलेले निम्मे पेशंट सुटतील. क्रॅश-२ ने सिस्टॉलिक ९० च्या खाली किंवा नाडी ११० च्या वर किंवा रक्तस्रावाचा मोठा धोका, असा सैल निकष ठेवला होता. तुम्ही त्यात शॉक इंडेक्स घाला: नाडी भागिले सिस्टॉलिक बीपी. नाडी ११५, बीपी १०५ म्हणजे १.१, ०.९ च्या वर गेला की संशय घ्यायचा. म्हातारा माणूस ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलवर असेल तर नाडी वाढतच नाही, तो इंडेक्स फसवा. औषधांचा रकाना ठेवा. पहिल्या रुग्णालयातलं सलाइन लावण्याआधीचं बीपी मिळालं तर सोनं. सोबत फास्ट (पोटातलं रक्त शोधणारी झटपट सोनोग्राफी), पेल्विसचा (ओटीपोटाच्या हाडांचा) एक्स-रे आणि पहिल्या सहा तासांत लागलेलं रक्त लिहा.

पहिल्या एचबीवर अजिबात जाऊ नका. रक्तातल्या पेशी आणि पाणी एकत्रच वाहून जातात, म्हणून सुरुवातीला एचबी तेवढाच राहतो, नंतर सलाइनने पातळ होऊन पडतो. 'एचबी १२ आहे, स्टेबल आहे' म्हणून वॉर्डात पाठवलेला फुटलेल्या प्लीहेचा पेशंट रात्री कोसळतो.

सलाइनचे लिटर तर नोंदवाच. १९९४ मध्ये ह्यूस्टनला धडावर भोसकलेल्या किंवा गोळी लागलेल्या ५९८ पेशंटवर काम झालं: ओटीपर्यंत सलाइन थांबवलं तर ७० टक्के वाचले, लगेच दिलं तर ६२. ते तरुण आणि शहरातले पेशंट, ओटी मिनिटांच्या अंतरावर. पेठहून दीड तासाने येणाऱ्याला ते जसंच्या तसं लावू नका. आणि डोक्याला मार असेल तर बीपी खाली ठेवण्याचा प्रश्नच नाही.

---

रक्तपेढी_नाईट

रक्ताचा रकाना नुसता 'किती पिशव्या' असा ठेवाल तर नंतर काही कळणार नाही. मागणी कधी आली, पिशवी कधी निघाली आणि नसेत कधी सुरू झाली, या तीनही वेळा लिहा. निघण्यापासून सुरू होण्यापर्यंतचा वेळ कुणीच मोजत नाही, आणि ट्रॉलीवर पडून राहिलेल्या पिशव्या तिथेच कळतात.

मागणी उशिरा येण्याचं कारण बहुतेक वेळा सॅम्पल. ट्यूबवर नाव नाही किंवा फॉर्मवर 'अनोळखी पुरुष' आणि ट्यूबवर भलतंच. पूर्ण क्रॉसमॅचला (पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ही तपासणी) पाऊण तास धरा. घाईत गट जुळवून आणि सलाइनचं झटपट क्रॉसमॅच करून दहा-पंधरा मिनिटांत पिशवी देता येते, त्यासाठी डॉक्टरची सही लागते. ही सही कोण करणार यावर भांडण चालू असतं. गटही माहीत नसेल तर पुरुषाला ओ पॉझिटिव्ह द्यावं. ओ निगेटिव्ह आपल्याकडे मुळातच दुर्मिळ, ते मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी राखून ठेवायला हवं.

एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वितळायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पहिल्या पीसीव्हीसोबतच (लाल पेशींच्या पिशवीसोबतच) मागितलं नाही तर चार पीसीव्ही संपल्यावर ते येतं. आणि १:१:१ (प्लाझ्मा, प्लेटलेट आणि लाल पेशी सारख्या प्रमाणात) म्हणताना हिशेब नीट करा. 'प्रॉपर' (PROPPR) नावाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे २०१५ चा, ६८० पेशंटचा, प्लेटलेटचा एक डोस म्हणजे सहा युनिटांचा एकत्र साठा होता. आपल्याकडच्या साध्या रँडम डोनर पिशव्या असतील तर सहा पीसीव्ही, सहा एफएफपी, सहा प्लेटलेट. सहा पीसीव्हीला एक प्लेटलेट पिशवी देऊन '१:१:१ पाळलं' असं लिहिलेले कागद दिसतात. त्या ट्रायलमध्येही २४ तासांतले एकूण मृत्यू १:१:१ च्या गटात १२.७ टक्के विरुद्ध १:१:२ च्या गटात १७.० होते आणि फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम नव्हता. रक्त वाहून मरणारे मात्र ९.२ विरुद्ध १४.६ असे कमी झाले.

कॅल्शियमही लिहा. पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं. चार पिशव्यांच्या आसपास १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्यूल हळूहळू, रक्ताच्या लाइनमधून नव्हे, दुसऱ्या लाइनमधून. रक्ताच्या लाइनमध्ये दिलं तर गुठळी होते. ग्लुकोनेट की क्लोराइड हे लिहाच, क्लोराइडमध्ये तेवढ्याच मिलीत जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं.

---

सातपूर_ऑर्थो

थोडा विरोधी सूर. ट्रॅनेक्सा आता घासून गुळगुळीत झालाय. नाशिकला खरंच वेगळं काही हवं असेल तर अंबड-सातपूरच्या पॉवर प्रेसमध्ये चिरडलेले हात घ्या, किंवा जानेवारीतल्या नायलॉन मांजाच्या गळ्याच्या जखमा. तुटलेलं बोट थेट बर्फात घालून आणतात आणि पेशी गोठून जातात. ओल्या गॉझमध्ये गुंडाळून, कोरड्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, एवढं सोपं. किती जणांनी तसं आणलं हा सुद्धा थीसिस आहे.

ट्रॅनेक्साच घेणार असाल तर पेल्विसचा पट्टा कुठे बांधला होता हेही नोंदवा. तो मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर यायला हवा, पण बहुतेक वेळा कमरेवर बांधलेला असतो आणि मग तुटलेलं हाड मिटण्याऐवजी उघडतं. चादर असली तरी चालते, जागा बरोबर हवी. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळलेला पट्टा) असेल तर बांधल्याची वेळ. दर वीस मिनिटांनी सैल करणं ही जुनी सवय आहे, त्यात रक्तच जातं.

---

ट्रॉमा_पंचवटी

@सातपूर_ऑर्थो मांजा दीड महिन्याचा हंगाम, दीडशे पेशंट कुठून आणायचे? प्रेसवाल्या हातांचं मात्र पटलं, पण तो ऑर्थो-प्लास्टिकचा विषय. पोराला सर्जरीचा थीसिस करू द्या.

आयएसएस राहिला होता. तो कॅज्युअल्टीत काढूच नका. सीटी, ऑपरेशन आणि मृत्यू झाला तर पीएम (शवविच्छेदन), हे सगळं हाती आल्यावर, एकाच माणसाने, औषध कधी दिलं हे न बघता. शरीराचे सहा भाग, त्यातल्या सर्वात जास्त इजा झालेल्या तीन भागांचे गुण वर्ग करून बेरीज. डोकं ४, पोट ३, पाय ३ म्हणजे १६ अधिक ९ अधिक ९, एकूण ३४. एकाच पोटात यकृत ४ आणि प्लीहा ३ असेल तर फक्त ४ धरला जातो. म्हणून एनआयएसएसही काढा, तो भाग न बघता तीन सर्वात वाईट इजा घेतो. एआयएसची (ज्या यादीवरून प्रत्येक इजेला हे गुण देतात तिची) कोणती आवृत्ती वापरली ते लिहा, आवृत्ती बदलली की गुण बदलतात. पीएमचा रिपोर्ट पोलिसांकडे जातो, म्हणून गाइडच्या सहीचं पत्र आधीच देऊन ठेवा.

श्वासाची गती सिस्टरला अर्धा मिनिट पूर्ण मोजायला सांगा. सगळ्या केस पेपरवर २० किंवा २२ असतं, मेलेल्या माणसावर सुद्धा. ट्यूब टाकलेल्या पेशंटचा जीसीएसमधला बोलण्याचा गुण 'टी' लिहा, १ लिहून बेरीज करू नका. विश्लेषणाला हालचालीचा गुण वेगळा वापरा.

---

एथिक्स_फाइल

संमतीचं सांगतो. तुम्ही औषध ठरवत नाही, फक्त नोंदता. धोका किमान असलेल्या निरीक्षणाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत संमतीतून सूट मागण्याची तरतूद आहे. ती एथिक्स कमिटी देते, गाइड नव्हे. अर्जात कारण स्पष्ट लिहा: पेशंट बेशुद्ध असतो, नातेवाईक तासाभराने येतात, आणि फक्त संमती मिळालेलेच घेतले तर अनोळखी आणि लवकर मेलेले पेशंट गळून सगळा अभ्यास वाकडा होतो. शुद्धीवर आल्यावर किंवा नातेवाईक आल्यावर माहिती देऊन उशिराची संमती घेईन, असंही लिहा.

मंजुरीची तारीख पहिल्या पेशंटच्या आधीची हवी. मागाहून मंजुरी मिळत नाही, आणि आधी भरलेले वीस फॉर्म फेकावे लागतात. फॉर्मवर नाव, एमएलसी क्रमांक, गाडी नंबर नको. फक्त अभ्यास क्रमांक. क्रमांक-नावाची यादी वेगळ्या कपाटात, कुलपात. मोबाइलचा कॉल लॉग बघून वेळ लिहा, त्याचा फोटो काढू नका.

डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी) घेऊन खासगीत जाणाऱ्यांचं काय करणार ते सिनॉप्सिसमध्येच ठरवा. त्यांचा निकाल 'माहीत नाही' असा वेगळा लिहायचा. 'जिवंत डिस्चार्ज' मध्ये टाकलेत तर मृत्यूदर कागदावर आपोआप सुधारतो.

---

मखमलाबाद_रेसिडेंट

फॉर्म दोन पानांचा झाला. कॅज्युअल्टीत इंटर्न भरेल का शंका आहे.

---

घाटरस्ता_१०८

नाही भरणार. फक्त त्या सहा टप्प्यांच्या वेळा, अँप्यूलची संख्या, नाडी, बीपी आणि सलाइनचे लिटर एवढं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापा आणि ट्रॅनेक्साच्या अँप्यूलच्या डब्यातच ठेवा. औषध काढायला हात गेला की कागद हाताशी येतो. बाकीचं पान दुसऱ्या दिवशी केस पेपरवरून तुम्ही स्वतः भरा. आणि ज्याला औषध दिलंच नाही त्याचाही कागद भरला जायला हवा. त्यासाठी रोज सकाळी कॅज्युअल्टीचं रजिस्टर स्वतः चाळा.